खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्ध रुग्णाची शस्त्रक्रिया लांबू नये यासाठी काय करावे

वृद्ध माणसाचे खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया किती लवकर व्हावी, याविषयी आज वैद्यकशास्त्रात फारसे दुमत राहिलेले नाही. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २०११ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार ती रुग्ण दाखल झाल्याच्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी व्हायला हवी, आणि अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीनेही २०२१ मध्ये दाखल झाल्यापासून २४ ते ४८ तासांची मुदत सुचवली आहे. असे असूनही अनेक रुग्ण चार-चार, पाच-पाच दिवस खाटेवर वाट पाहत पडून राहतात. या विलंबामागे बहुधा कोणा एकाचा चुकीचा निर्णय नसतो. सोडियम कमी आले म्हणून एक दिवस जातो, टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, व्हायचा म्हणून दुसरा, फिजिशियनकडून फिटनेस मिळेपर्यंत ऑपरेशन थिएटरची त्या दिवसाची यादी भरलेली असते, पाठोपाठ सुट्टीचा दिवस येतो, आणि दरम्यान दूर राहणारा मुलगा येईपर्यंत थांबावे असे घरच्यांनाच वाटू लागते. यांतले प्रत्येक कारण एकेकटे पाहिले तर समंजसपणाचेच वाटते. त्यांची बेरीज मात्र रुग्णाला भोवते.

म्हणून हा लेख रुग्णाच्या घरच्यांसाठी आहे. उपचार ठरवणे हे डॉक्टरांचेच काम आहे आणि ते त्यांच्याकडेच राहिले पाहिजे, परंतु प्रत्येक थांब्यावर एक प्रश्न विचारणे हे नातेवाइकांचे काम आहे: आपण नेमके कशासाठी थांबलो आहोत, आणि ते झाल्यावर उपचारात काय बदलणार आहे? या प्रश्नाला स्पष्ट उत्तर मिळाले तर थांबणे बहुधा योग्य असते. उत्तर मिळत नसेल, तर तो विलंब टाळता येण्याजोगा आहे का, हे पाहायला हवे.

थांबण्याने काय बिघडते

मोडलेला खुबा हलवता येत नाही, त्यामुळे रुग्ण उताणा पडून राहतो, आणि म्हातारपणी असे पडून राहणे हाच एक स्वतंत्र आजार होऊन बसतो. छातीत कफ साठून न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो. पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या धरतात आणि त्यातली एखादी फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकते. माकडहाडावर आणि टाचांवर दाब राहून शय्याव्रण होतात, आणि त्याची सुरुवात काही तासांतच होऊ शकते, त्यासाठी आठवडे लागत नाहीत. मांड्यांचे स्नायू रोज झिजतात, आणि आधीच मोजकी ताकद असलेल्या माणसाला ही झीज नंतर भरून काढणे फार अवघड जाते. वेदना, अपुरी झोप, उपासमार, अनोळखी जागा आणि गुंगीची औषधे यांच्या एकत्रित परिणामाने अनेक रुग्णांना संभ्रम होतो. कालपर्यंत व्यवस्थित बोलणारी आई एकाएकी मुलांना ओळखेनाशी होते, रात्री नळ्या ओढू लागते. याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. घरच्यांना ते वेड लागल्यासारखे किंवा वयाचा परिणाम असल्यासारखे वाटते, पण तो मेंदूवर आलेला तीव्र ताण असतो आणि त्याची कारणे शोधून दूर करावी लागतात.

हाड नेमके कोठे मोडले आहे, यावरही बरेच अवलंबून असते. मांडीच्या हाडाचा वरचा गोल भाग, म्हणजे गोळा, आणि त्याखालची मान यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या मानेला लगटून वर जातात. मान मोडून तुकडे सरकले की हा पुरवठा तुटतो, गोळ्यातले हाड मृत होण्याची आणि मोड न जुळण्याची शक्यता वाढते, आणि म्हणूनच वृद्ध रुग्णांत बहुतेक वेळा तो गोळा काढून कृत्रिम गोळा किंवा पूर्ण कृत्रिम सांधा बसवतात. मानेच्या खालच्या रुंद भागात मोड असेल तर हाडाला रक्तपुरवठा चांगला असतो आणि ते स्क्रू-प्लेटने किंवा हाडाच्या पोकळीत घातलेल्या सळईने जोडता येते. मात्र या दुसऱ्या प्रकारात मांडीच्या आत पुष्कळ रक्त साठते. बाहेर थेंबही दिसत नाही, सुरुवातीचा हिमोग्लोबिनचा अहवाल ठीक येतो, आणि सलाईन दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी तो आकडा बराच खाली गेलेला आढळतो. त्यामुळे हिमोग्लोबिनची तपासणी एकदा झाली की संपली असे मानू नये.

आता पुराव्याविषयी, कारण या बाबतीत अतिशयोक्तीही होते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या ४२,२३० रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. २४ तासांपेक्षा जास्त वाट पाहावी लागलेल्या रुग्णांत तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ६.५ टक्के, तर त्याआधी शस्त्रक्रिया झालेल्या तशाच रुग्णांत ५.८ टक्के आढळले. फरक लहान दिसतो, परंतु गुंतागुंतींच्या बाबतीतही कल तोच होता. पुढे २०२० मध्ये १७ देशांतील ६९ रुग्णालयांत २,९७० रुग्णांवर झालेल्या हिप अटॅक या चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात एका गटाची शस्त्रक्रिया निदानानंतर साधारण ६ तासांत, तर दुसऱ्या गटाची साधारण २४ तासांत झाली. मृत्यूंच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही, मात्र लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत संभ्रम आणि मूत्रमार्गाचा संसर्ग कमी आढळला, ते लवकर उभे राहिले आणि लवकर घरी गेले. या दोन्ही अभ्यासांतून मी काढतो तो अर्थ असा: मध्यरात्री थकलेल्या चमूकडून घाईने शस्त्रक्रिया करून घेण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही, पण पहिल्या किंवा दुसऱ्या दिवसाच्या कामकाजाच्या वेळेत ती व्हावी यासाठी आग्रही राहण्याचे कारण नक्की आहे.

पहिले काही तास

पडल्यानंतर जांघेत तीव्र वेदना, पायावर भार देता न येणे, पाय आखूड झालेला आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसणे ही खुब्याचे हाड मोडल्याची नेहमीची लक्षणे आहेत. अशा वेळी रुग्णाला उभे करून पाहणे, पाय ओढणे किंवा मालिश करणे टाळावे. दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवून, पाय आहे त्या स्थितीत आधार देऊन, आडवे ठेवूनच न्यावे. काही मोड एकमेकांत रुतलेले असतात आणि रुग्ण लंगडत का होईना चालतो, म्हणून चालता येते याचा अर्थ हाड शाबूत आहे असा होत नाही.

सर्वांत मोठा वेळ वाचतो तो रुग्णालय निवडताना. जेथे केवळ एक्स-रे आणि सलाईन होऊ शकते अशा ठिकाणी आधी दाखल होऊन मग दुसरीकडे हलवण्यात एक-दोन दिवस सहज निघून जातात, कारण प्रत्येक ठिकाणी तपासण्या नव्याने होतात. निघण्यापूर्वी फोन करून विचारावे की अस्थिरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ उपलब्ध आहेत का, रक्ताची आणि अतिदक्षता विभागाची सोय आहे का, आणि सगळे ठीक असल्यास शस्त्रक्रिया उद्यापर्यंत होऊ शकेल का. शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, पण त्याचे उत्तरच सर्वांत उपयोगाचे असते.

सोबत काय न्यावे, तर चालू असलेली सर्व औषधे वेष्टनासह, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी कोणती आहे व ती शेवटची किती वाजता घेतली याची नोंद. ही एक नोंद नसेल तर भूलतज्ज्ञाला सर्वांत वाईट शक्यता गृहीत धरून थांबावे लागते. जुने ईसीजी, एकोचे अहवाल, डिस्चार्ज कार्डे आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ती माहितीही घ्यावी. रुग्ण कसा पडला हे नेमके सांगावे: पाय घसरला, की आधी चक्कर आली, छातीत दुखले, शुद्ध हरपली? किती वेळ जमिनीवर पडून होता? तासन्‌तास पडून राहिल्यास दबलेल्या स्नायूंतून निघणाऱ्या द्रव्यांनी मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, आणि ही गोष्ट विचारल्याशिवाय कोणाच्या लक्षात येईलच असे नाही. पडण्यापूर्वी रुग्ण घरात आणि घराबाहेर कितपत चालत होता, स्मरणशक्ती कशी होती, हेही सांगावे, कारण शस्त्रक्रियेचा प्रकार ठरवताना डॉक्टर याच गोष्टी विचारात घेतात.

एक्स-रेमध्ये काही दिसत नाही आणि तरीही रुग्ण पाय टेकवू शकत नाही, अशी वेळ येते. काही मोड साध्या एक्स-रेमध्ये खरोखरच दिसत नाहीत. मुका मार आहे म्हणून घरी पाठवण्यापूर्वी एमआरआय करता येईल का, आणि तो लगेच होणार नसेल तर सीटी स्कॅन करता येईल का, हे विचारावे. घरी जाऊन चार दिवसांनी मोड सरकल्यावर परत येणे, हा विलंबाचा सर्वांत दुःखद प्रकार आहे.

वेदनेवरचा उपचार निदानाची वाट न पाहता सुरू व्हायला हवा. पॅरासिटामॉल ही सुरुवात असते, पण खुब्याच्या वेदनेला ते बहुधा पुरत नाही. जांघेजवळ इंजेक्शन देऊन मांडीच्या नसा बधिर करण्याची पद्धत आहे, तिला नर्व्ह ब्लॉक म्हणतात. त्याने वेदना चांगली उतरते आणि गुंगी आणणारी तीव्र औषधे कमी लागतात. ही सोय येथे आहे का, असे जरूर विचारावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी वृद्धांच्या मूत्रपिंडांना आणि जठराला अपाय होऊ शकतो, त्यामुळे घरातली शिल्लक गोळी आपल्या मनाने देऊ नये. पायाला वजने लटकवून ठेवण्याची जुनी रीत अजून अनेक ठिकाणी आढळते. खुब्याच्या मोडात शस्त्रक्रियेपूर्वी नेहमीच्या सवयीने असे वजन लावल्याने वेदना कमी होत असल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही, आणि त्याने रुग्ण आणखी जखडला जातो.

कारण खरे की टाळता येण्याजोगे

या लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण येथेच बहुतेक दिवस वाया जातात.

ब्रिटन आणि आयर्लंडमधील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये खुब्याच्या मोडाबाबत शस्त्रक्रिया थांबवण्याजोगी कारणे स्पष्टपणे लिहून काढली, आणि ती वाचली की किती कमी कारणांसाठी थांबावे लागते हे ध्यानात येते. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असणे, सोडियम १२० पेक्षा कमी किंवा १५० पेक्षा जास्त असणे, पोटॅशियम २.८ पेक्षा कमी किंवा ६ पेक्षा जास्त असणे, आटोक्यात नसलेला मधुमेह, नव्याने उद्भवलेले किंवा आटोक्यात नसलेले हृदयाचे अपयश, मिनिटाला १२० पेक्षा जास्त ठोके पडणारी आणि उपचाराने सुधारू शकणारी अनियमित लय, छातीच्या संसर्गातून झालेला सेप्सिस (संसर्गाचा साऱ्या शरीरावर झालेला गंभीर परिणाम), आणि दुरुस्त करता येईल असा रक्त गोठण्यातला दोष, अशी ती यादी आहे. त्याच दस्तऐवजात थांबण्यासाठी अमान्य कारणेही दिली आहेत: थिएटर किंवा सुविधा उपलब्ध नसणे, एकोची वाट पाहणे, अनुभवी शल्यचिकित्सक नसणे, आणि क्षारांमधले किरकोळ फरक.

मान्य कारणांचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावे. ती सारी दुरुस्त करण्यासारखी आहेत, आणि बहुतेकांची दुरुस्ती काही तासांत सुरू होऊन एका दिवसात पुरेशी होऊ शकते. रक्त चढवता येते, पोटॅशियम खाली आणता येते, ठोक्यांची गती औषधाने कमी करता येते. म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलली, एवढे उत्तर अपुरे आहे. कशासाठी ढकलली, त्यावर कोणता उपचार सुरू झाला आणि पुन्हा तपासणी कधी होणार, हे तिन्ही कळायला हवे. दोन दिवस थांबवून ठेवायचे आणि ज्या कारणासाठी थांबवले त्यावर उपचारच सुरू नसायचे, असे घडू नये.

एकोविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे. वृद्ध रुग्णाच्या छातीत हृदयाचा वेगळा आवाज ऐकू आला की महाधमनीची झडप अरुंद झाली असण्याची शंका येते, आणि भूल देताना ही माहिती खरोखर मोलाची असते. त्यामुळे एको करणे चूक नाही. तो तासाभरात खाटेपाशी होत असेल तर जरूर व्हावा. परंतु एको करणारे तज्ज्ञ परवा येणार असतील, तर झडप अरुंद आहे असे गृहीत धरून त्या काळजीने भूल देणे हा मान्य मार्ग आहे. झडप खरोखर अरुंद निघाली तरी खुब्याची शस्त्रक्रिया बहुधा करावीच लागते. म्हणून येथे विचारायचे ते इतकेच की अहवाल वाईट आला तर आपण शस्त्रक्रिया करणार नाही का, आणि करणारच असू तर त्यासाठी दोन दिवस थांबण्याने काय मिळेल.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांबाबत सरसकट आठवडाभर थांबण्याची सवय जुनी आहे. ॲस्पिरिनसाठी शस्त्रक्रिया थांबवत नाहीत. क्लोपिडोग्रेलचा परिणाम पूर्ण ओसरायला साधारण पाच ते सात दिवस लागतात, पण तेवढा काळ पडून राहण्याचा अपाय अधिक असल्यामुळे आजच्या मार्गदर्शक सूचना त्यासाठी थांबू नये असेच सांगतात. मात्र अशा रुग्णात पाठीत भूल देण्याऐवजी पूर्ण भूल देण्याचा विचार होतो आणि रक्त तयार ठेवले जाते. वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) तपासून शिरेतून व्हिटॅमिन के देता येते आणि गरज पडल्यास गोठण घटकांचे तयार द्रावणही देता येते. औषध नुसते बंद करून आकडा आपोआप उतरण्याची वाट पाहण्यात दिवस घालवू नयेत. ॲपिक्सॅबॅन, रिव्हॅरॉक्सॅबॅन, डॅबिगाट्रान या नव्या गोळ्यांच्या बाबतीत शेवटच्या मात्रेची वेळ आणि मूत्रपिंडांचे काम पाहून साधारण एक ते दोन दिवसांचा हिशेब केला जातो, आणि म्हणूनच वेळेची ती नोंद वर इतक्या आग्रहाने सांगितली. यांतले कोणतेही औषध आपल्या मनाने बंद किंवा सुरू करू नये. हृदयात स्टेंट असेल तर हे विशेष कटाक्षाने पाळावे.

वेदनेमुळे वाढलेला रक्तदाब हे वेदना कमी करण्याचे कारण आहे, शस्त्रक्रिया थांबवण्याचे नाही. साखर थोडी वाढलेली असणे, सोडियम थोडे कमी असणे, हेही वृद्धांत नेहमी आढळते. छातीत थोडा कफ असेल तर प्रतिजैविके सुरू करून शस्त्रक्रिया पुढे नेणे अनेकदा योग्य ठरते, कारण उठून बसल्याशिवाय ती छाती सुधारणारच नसते. भूल पाठीत द्यावी की पूर्ण, यावरूनही वेळ जाऊ नये. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,६०० रुग्णांच्या रीगेन या चाचणीत साठ दिवसांनंतर जिवंत असणे आणि चालू शकणे या दोन्ही बाबतींत पाठीतली भूल पूर्ण भुलेपेक्षा सरस ठरली नाही. आणि नुसते वय हे तर कारणच नव्हे. नव्वदी ओलांडलेल्या रुग्णांवरही या शस्त्रक्रिया नियमितपणे होतात, कारण पडून राहण्याचा धोका वयाबरोबर वाढतच जातो.

घरच्यांमुळे होणारा उशीर

हे स्पष्ट बोलायला हवे, कारण रुग्णालयाला दोष देताना आपल्या बाजूचे दिवस मोजले जात नाहीत. परगावी असलेले अपत्य येईपर्यंत संमतीपत्रावर सही न करणे, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांची मते घेत राहणे, विम्याची मंजुरी किंवा पैशांची व्यवस्था याविषयी दुसऱ्या दिवशी बोलू असे म्हणणे, या वयात कापाकाप नको म्हणणाऱ्या नातेवाइकाचे मन वळवण्यात दोन दिवस घालवणे, हे सारे समजण्यासारखे आहे, पण याची किंमत खाटेवरचा माणूस मोजतो. दूर असलेल्यांशी पहिल्याच संध्याकाळी फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर बोलून निर्णय घ्यावा, आणि शक्य तर त्या संभाषणात डॉक्टरांनाही सामील करून घ्यावे. दुसरे मत हवे असेल तर एक्स-रे आणि अहवाल फोनवरून पाठवून ते काही तासांत घेता येते. पैसे आणि विमा यांचे काम एका व्यक्तीकडे त्याच दिवशी सोपवावे.

सर्वांत आधी मात्र रुग्णाला विचारावे. तो शुद्धीवर असेल आणि समजून घेऊ शकत असेल, तर निर्णय त्याचा आहे आणि संमतीही त्याचीच लागते. वृद्ध आई-वडिलांच्या डोक्यावरून बोलण्याची आपली सवय येथे सोडावी. अनेकदा मुले तासन्‌तास चर्चा करत असतात आणि ज्याचा पाय मोडला आहे त्याचे उत्तर केव्हाच तयार असते.

विचारणा कशी करावी

घरातील एका व्यक्तीने रुग्णालयाशी बोलण्याची जबाबदारी घ्यावी. चार जण चार वेळा विचारू लागले की उत्तरे तुटक मिळतात. जवळ वही ठेवून कोणी, किती वाजता, काय सांगितले याची नोंद करावी. तक्रारीसाठी पुरावा म्हणून नव्हे, तर सकाळची माहिती संध्याकाळच्या डॉक्टरांना नीट सांगता यावी म्हणून.

सुरात आरोप नसावा. डॉक्टरसाहेब, शस्त्रक्रिया कोणत्या दिवशी आणि साधारण कोणत्या वेळी ठरली आहे? ती पुढे जाईल असे आज काही दिसते आहे का? दिसत असेल, तर त्यावर उपचार कोण करत आहे आणि पुढची तपासणी कधी आहे? आम्ही आजच्या आज काय करून द्यावे, म्हणजे आमच्याकडून उशीर होणार नाही? अशा शांत, नेमक्या प्रश्नांना बहुतेक डॉक्टर मोकळेपणाने उत्तर देतात, आणि शेवटच्या प्रश्नाने तर संभाषणाचा रोखच बदलतो.

अनेकदा खोळंबा दोन तज्ज्ञांच्या मधल्या जागेत असतो. अस्थिरोगतज्ज्ञ फिजिशियनच्या चिठ्ठीची वाट पाहतात, फिजिशियन एकोची, आणि भूलतज्ज्ञाला रुग्णाविषयी अजून कळलेलेच नसते. अशा वेळी भूलतज्ज्ञांनी आजच रुग्ण पाहावा आणि त्यांनी फिजिशियनशी थेट बोलावे, अशी विनंती करावी, कारण शस्त्रक्रियेसाठी काय पुरेसे आहे हे भूलतज्ज्ञ सर्वांत नेमके सांगू शकतो. वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ आणि अस्थिरोगतज्ज्ञ मिळून पहिल्या दिवसापासून रुग्ण पाहतात अशी व्यवस्था असलेले रुग्णालय मिळाले तर उत्तमच. नॉर्वेतील ट्रॉन्डहेम येथे सत्तरी ओलांडलेल्या ३९७ रुग्णांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वृद्धांसाठीच्या खास विभागात सर्वांगीण उपचार मिळालेले रुग्ण चार महिन्यांनंतर अधिक चांगले हालचाल करू शकत होते.

ठरलेल्या तारखेला थिएटरच मिळणार नाही असे स्पष्ट झाले, तर दुसऱ्या रुग्णालयात हलवण्याचा प्रश्न येतो. तेथे नक्की वेळ मिळत असेल आणि तेथील डॉक्टरांनी अहवाल पाहून होकार दिला असेल, तरच हलवावे; नुसत्या आशेवर हलवण्याने आणखी एक दिवस जातो.

थांबावेच लागले तर

खरे कारण असेल आणि एक-दोन दिवस थांबणे भाग असेल, तेव्हा तो काळ वाया जाऊ देऊ नये. सर्वांत जास्त हाल होतात ते उपाशी राहण्याने. रुग्णाला मध्यरात्रीपासून काही देत नाहीत, दुपारी शस्त्रक्रिया रद्द होते, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा घडते. सर्वसाधारणपणे भूल देण्यापूर्वी घन आहार सहा तास आणि पाण्यासारखे स्वच्छ द्रव दोन तास बंद ठेवले तर पुरते. म्हणून रुग्णाचा क्रमांक कितवा आहे, पाणी किती वाजेपर्यंत चालेल, हे नर्सला विचारावे, आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्याचे कळताच लगेच जेवण द्यायची परवानगी घ्यावी.

टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटरीखाली मऊ आधार ठेवावा, नर्सच्या मदतीने कूस थोडी-थोडी बदलावी, पाठ आणि टाचा रोज पाहाव्यात. खाटेची डोक्याकडची बाजू उचलून रुग्णाला दीर्घ श्वास घ्यायला आणि खोकायला सांगावे. गुठळ्या होऊ नयेत यासाठी इंजेक्शन सुरू आहे का, आणि शस्त्रक्रियेच्या वेळेशी त्याचा मेळ घातला आहे का, हे विचारावे. वेदनाशामकांमुळे शौचाला घट्ट होते, त्याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्यावे. चष्मा, कानाचे यंत्र आणि कवळी रुग्णाजवळ असू द्यावी, ओळखीचे माणूस सोबत बसावे, दिवस-वार सांगत राहावे, रात्री दिवे मंद करून झोपू द्यावे. संभ्रम टाळण्यासाठी या साध्या गोष्टींचा खरोखर उपयोग होतो, आणि त्या घरच्यांइतक्या चांगल्या कोणी करू शकत नाही. रुग्ण अचानक गप्प, सुस्त किंवा बडबडा झाला तर ते नर्सला त्याच क्षणी सांगावे.

काही रुग्ण फार उशिरा, आठवड्याने किंवा त्याहून नंतर रुग्णालयात पोहोचतात. आता काय उपयोग, असे समजून त्यांना सोडून देऊ नये. उशिरा झालेल्या शस्त्रक्रियेनेही वेदना कमी होतात आणि बसणे-उठणे शक्य होते. फक्त पद्धत बदलू शकते आणि तयारी अधिक लागते.

याउलट, शस्त्रक्रिया न करणे हाच योग्य निर्णय ठरेल असे थोडे रुग्ण असतात: अंतिम टप्प्यातील आजार असलेले, किंवा पडण्यापूर्वीच पूर्णपणे परावलंबी आणि अतिशय क्षीण झालेले. नेदरलँड्समध्ये २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शुश्रूषागृहांतील अत्यंत दुर्बल रुग्ण आणि त्यांच्या कुटुंबांनी डॉक्टरांशी सविस्तर बोलून शस्त्रक्रिया नाकारली, तेव्हा वेदनाशमनावर भर देणाऱ्या उपचारांत त्यांचे उरलेले जीवनमान शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा कमी ठरले नाही. पण तो निर्णय पहिल्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत आणि वेदनाशमनाच्या ठोस योजनेसह घ्यायचा असतो. पाच दिवस चालढकल होऊन रुग्ण शस्त्रक्रियेच्या पलीकडे जाणे, याला निर्णय म्हणता येत नाही.

शस्त्रक्रियेनंतर

लवकर शस्त्रक्रिया करण्यामागचा हेतू रुग्णाला लवकर उभे करणे हा आहे, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्टच्या मदतीने खाटेवरून उतरवणे आणि वॉकर धरून उभे करणे व्हायला हवे. बहुतेक शस्त्रक्रियांनंतर पायावर पूर्ण भार देण्याची मुभा असते. ती नसेल तर का नाही आणि कधीपर्यंत नाही, हे विचारून घ्यावे. दोन दिवस आराम करू द्या, असे प्रेमाने म्हणणारे नातेवाईक नकळत तोच विलंब पुन्हा सुरू करत असतात.

घरी जाताना एक गोष्ट मागून घ्यावी लागते, कारण ती वारंवार राहून जाते. साध्या पडण्याने खुबा मोडला याचा अर्थ हाडे ठिसूळ झाली आहेत, आणि दुसऱ्या बाजूचे हाडही त्याच धोक्यात असते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रॉनिक ॲसिड हे वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे औषध सुरू केलेल्या रुग्णांत नवे मोड ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाल्याचे २,१२७ रुग्णांच्या चाचणीत २००७ मध्ये दिसून आले. ते देण्यापूर्वी मूत्रपिंडांचे काम, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी तपासावे लागते, आणि सर्वांनाच ते चालते असे नाही. म्हणून हाडांच्या ठिसूळपणावर कोणता उपचार, कोणत्या तारखेपासून आणि कोणाच्या देखरेखीखाली सुरू होणार आहे, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय रुग्णालयातून निघू नये.